नारू ओढायचा नसतो

नारू आता कुणाला होत नाही. माझ्या नातीनं तर तो शब्दही ऐकलेला नव्हता. पायावरचा डाग दाखवला तेव्हा तिला वाटलं, आजोबांना कधीतरी कुत्रं चावलं असेल. जो रोगच गेला त्याच्यावर कशाला लिहायचं, असं कुणीही म्हणेल. पण आमच्या विहारात रविवारी माणसं जमतात आणि आपापली दुखणी सांगतात. साखर, रक्तदाब, गुडघे. ती सांगून झाली की हळूच दुसरं दुखणं बाहेर येतं. भाऊ बोलत नाही. सून विचारत नाही. अमक्यानं भर मांडवात पाणउतारा केला, तो इतक्या वर्षांनीही विसरता येत नाही. या दुसऱ्या दुखण्याबद्दल मला जे थोडंफार कळलं, ते नारूमुळं कळलं. म्हणून लिहितो. औषध हवं असेल त्यानं डॉक्टरकडे जावं, इथं ते सापडणार नाही.

पाणी

निजामाचं राज्य होतं. दूर कुठंतरी मोठी लढाई चालली होती आणि मी औरंगाबादच्या छावणीत एका साहेबाच्या बंगल्यावर बागेला पाणी घालत होतो. वय विशीतलं. राहायला उस्मानपुऱ्यात, घरमालकीण हमीदाखालाच्या घरामागच्या खोलीत. गाव चिकलठाण्याच्या पलीकडं. गावाचं नाव लिहीत नाही. तिथली आताची पोरं चांगली आहेत, आजोबांच्या करणीचं ओझं त्यांच्या डोक्यावर कशाला?

गावाला पाण्यासाठी एक बारव होती. दगडी पायऱ्या उतरून खाली जायचं आणि घागर बुडवायची. आम्ही महारवाड्यातले, आम्हाला पायऱ्या बंद. वर कठड्याशी रिकामी भांडी घेऊन बसायचं, कुणा बाईला दया आली तर ती वरून धार सोडायची. माझी माय यात इतकी मुरलेली होती की पायऱ्या चढून येणारी बाई ओतणार की तशीच निघून जाणार, हे ती नुसत्या चालीवरून सांगायची. बहुतेक वेळा बरोबर निघायचं.

छावणीत मात्र मी नळाला तोंड लावून प्यायचो. नळ जात विचारत नसे. माणसाला अशा गोष्टींची सवय फार लवकर लागते. पुतणीच्या बारशाला गावी गेलो, ऊन मी म्हणत होतं, बारवेपाशी चिटपाखरू नव्हतं. मी सरळ पायऱ्या उतरलो, ओंजळीनं पोटभर प्यालो आणि वर आलो. बंडबिंड काही मनात नव्हतं. तहान लागली होती, एवढंच. त्याच संध्याकाळी मी शहराकडं परतलोही.

कुणीतरी लांबून पाहिलं होतं, पण माणूस ओळखला नव्हता. दुसऱ्या दिवशी सगळ्या महारवाड्याला चावडीवर बोलावलं. कोण उतरलं ते सांगा. माझा थोरला भाऊ म्हादू, आम्ही त्याला दादा म्हणायचो. त्या साली गावकीचं काम त्याच्याकडं होतं, म्हणून त्यालाच पुढं उभं केलं. त्यानं नाव सांगितलं. माझं. मी हाती लागण्यासारखा नव्हतो, मग आमच्या बाला पुढं ओढलं. बानं डोईचा पटका काढून चावडीच्या पायरीवर ठेवला आणि सगळ्या गावासमोर पालथं पडून माफी मागितली.

तो पटका त्यानं पुन्हा बांधला नाही. उघड्या डोक्यानं हिंडायचा. पावसाळा सरता सरता साध्या तापानं गेला. मातीला मी गेलो, खांदा दिला आणि दादाशी एक शब्द न बोलता परत आलो.

बाला पालथं घातलं पाटलानं आणि त्याच्या माणसांनी. राग मात्र मी सगळाच्या सगळा दादावर ठेवला. बाहेरच्यांकडून अपेक्षा नव्हती, त्यामुळं त्यांच्यावर रागवायलाही फारसं काही सापडत नव्हतं. घरच्या माणसानं नाव सांगितलं हे मात्र रोज बागेला पाणी घालताना आठवायचं. कळशी भरली की आठवण, रिकामी झाली की आठवण.

खालानं दुखण्याला नाव दिलं त्या दिवशी

वर्ष फिरलं, पुन्हा तसंच ऊन आलं. एक दिवस डाव्या घोट्याच्या वर आग व्हायला लागली. इंगळी डसल्यासारखी. तिथं फोड आला. मी कामावरून लंगडत आलो आणि अंगणातल्या खालाच्या हौदाकडं निघालो, पाय पाण्यात बुडवून बसावं म्हणून.

हमीदाखाला ओट्यावर तांदूळ निवडत होती. नवरा गेलेली, स्वतःची मुलं नाहीत, भाडेकरूंवर सारखी ओरडणारी आणि ओरडता ओरडता जेवायला घालणारी. माझा पाय दिसताच तिनं सूप खाली ठेवलं.

"रुक जा! हौद में पाँव नक्को डाल. इधर ला, दिखा."

तिनं तांब्यानं पायावर पाणी ओतलं. फोड फुटला. आतून पांढऱ्या दोऱ्याचं टोक बाहेर आलं आणि किंचित हललं. माझ्या अंगावर काटा आला. आपल्या शरीरात आपल्याशिवाय आणखी कुणीतरी राहतंय, हे कळणं फार वाईट.

"नारू है बेटा," खाला म्हणाली. "पिछले साल का पानी. एक साल अंदर बैठता ये, फिर दरवाजा ढूंढता. हौद में पाँव डालता तो पूरे मोहल्ले को बाँट देता था तू."

मागच्या सालचं पाणी. मी मनाशी हिशेब लावला. गावातही तोच हिशेब लागला, हे पुढं कळलं. बारवेतल्या साती आसरा कोपल्या, महाराच्या पोराच्या पायातून पाप बाहेर पडतंय, असं लोक म्हणाले. आता यातली गंमत अशी की बारवेचं तेच पाणी आम्ही जन्मभर वरून ओतून घेऊन पीतच होतो. खाली उतरलो नसतो तरी नारू व्हायचा तो झालाच असता. कोणत्या घोटातून तो आत शिरला, हे कुणालाच सांगता येणार नाही. पण ही अक्कल नंतरची. त्या दिवशी मला मनातून वाटलं, खरंच भोवलं.

आठवडी बाजाराला आलेल्या एका गाडीवानाबरोबर खालानं मला न विचारता गावी निरोप धाडला.

काडी

नारू काढायला आमच्या भागात दादासारखा हात नव्हता. हे मी विसरलो नव्हतो. खालाला मात्र ते माहीत नव्हतं. तिनं नुसतं घरच्यांना कळवलं होतं आणि दादा दारात उभा राहिला. हातात धोतराच्या फडक्यात बांधलेली भाकरी, कानावर तुराटीची बारीक काडी.

"लई सुजलाय का?" त्यानं विचारलं.

मी भिंतीकडं तोंड केलं.

नारू काढायची रीत अशी. पायावर गार पाण्याची धार धरायची. दोऱ्याचं टोक काडीला गुंडाळायचं. अलगद एक वेढा, फार तर दुसरा. जरा ताण जाणवला की थांबायचं. काडी तिथंच पायाला बांधून टाकायची, म्हणजे आलेला दोरा परत आत जात नाही. उद्या पुन्हा तिथून पुढं. घाई केली की दोरा तुटतो, उरलेला आत राहतो आणि कुजतो. हे गावात लहान पोरालाही ठाऊक होतं.

दुसरी एक गोष्टही ठाऊक होती, पण तिचा मला उपयोग नव्हता. पाय सैल सोडावा लागतो. माणूस आखडला की पोटरी आखडते आणि आतला दोरा जागचा हलत नाही. दादाची बोटं लागली की माझा पाय लाकूड व्हायचा. मी ठरवून करत नव्हतो. तो तास तास बसायचा, धार धरायचा, फुंकर घालायचा आणि अर्धा वेढाही न मिळता काडी बांधून उठायचा.

एकदा तो म्हणाला, "सखा, राग हाय तर असू दे. पर मनात ठिव. पोटरीत कशाला ठिवतो?"

मी बोललो नाही. खाला दारातून म्हणाली, "बात तो सही बोल रहा." तिच्याशीही मी दिवसभर बोललो नाही.

दादा रोज गावाहून येत होता. गावकीचं काम कुणाच्या तरी गळ्यात घालून यायचा, त्याबद्दल तिथं बोलणी खायचा. मला हे कळत होतं आणि त्यामुळं राग कमी व्हायच्या ऐवजी वाढत होता. ज्याच्यावर रागवायचं त्यानं निदान चांगलं तरी वागू नये.

मग तो दिवस आला. काडी बांधता बांधता दादा खाली मान घालून म्हणाला, "मायनं बाचा पटका पेटीत जपून ठिवलाय. म्हणती सखाला दे, त्याला शोभंल."

"पटक्याचं नाव तू घेऊ नको!" मी ओरडलो. वर्षभरात त्याच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. "तू घेऊ नको!"

दादा उठला, तांब्या घेतला आणि हौदाकडं गेला. मी काडी हातात धरली आणि ओढली. पाय मोकळा करायचा होता, दादा उद्या यायला नको होता, सगळं एकदाचं संपवायचं होतं. काडी हातात आली. तिच्यावर दोऱ्याचा इवलासा तुकडा होता. बाकीचा आत गेला.

दादा परत आला, त्यानं काडी पाहिली. भिंतीला टेकून खालीच बसला.

व्हरांडा

पाय मांडीपर्यंत सुजला. ताप चढला. खाला आणि दादानं मला टांग्यात घालून सरकारी दवाखान्यात आणलं. डॉक्टर हैदराबादकडचे, थोडं बोलणारे. त्यांनी पाय दाबून पाहिला आणि सहायकाला उर्दूत सांगितलं, ताप उतरला नाही तर गुडघ्याखालून काढावा लागेल. त्यांना वाटलं मला उर्दू येत नाही. औरंगाबादेत राहून उर्दू न येणारा माणूस त्यांनी कुठं पाहिला होता, कोण जाणे.

भीतीबद्दल खरं लिहायचं तर मरणाची भीती वाटली नाही. पायाची वाटली. पाय गेला की छावणीतलं काम गेलं. काम गेलं की खोली गेली, शहर गेलं. मग गावी जायचं आणि कठड्याशी रिकामं भांडं घेऊन बसायचं, येणाऱ्या बाईची चाल पाहत. हे चित्र डोळ्यांसमोरून हलेना.

आमच्यासारख्यांच्या खाटा व्हरांड्याच्या टोकाला असत. सकाळी फिनेलचा वास यायचा, मग चहा, मग जखम बांधणारे करीममियाँ. दवाखान्यात दिवस असा मोजायचा की करीममियाँ येण्याच्या आधीचा आणि नंतरचा. ते माझ्या पायातलं कापलेलं गळू रोज धुवायचे. धुण्याआधी सांगायचे, "दर्द हुआ तो मेरे कू गाली दो, मगर पाँव नक्को हिलाओ." मी त्यांना कधी शिवी दिली नाही. पलीकडच्या खाटेवरचा एक गाडीवान सढळ हातानं द्यायचा आणि करीममियाँ "और बोलो, और बोलो" करत काम उरकायचे.

माय एकदा येऊन गेली. पायाकडं तिनं पाहिलं नाही, माझ्या तोंडाकडंच पाहत राहिली. "दोघंबी माझ्याच पोटचे," एवढंच म्हणाली. मी म्हणालो, "मला ठाऊक हाय." ती म्हणाली, "ठाऊक असून काय उपेग?" आणि पदरानं डोळे पुसत गेली.

दादा आत येत नव्हता. बाहेर पायरीवर बसायचा. भाकरी करीममियाँच्या हाती पाठवायचा. मी ती खायचो. राग असला तरी भूक लागतेच, आणि वहिनीच्या हाताला चव होती.

शेजारची खाट

माझ्या शेजारी एक पिवळ्या चिवरातला, मुंडण केलेला माणूस हिवतापानं कुडकुडत पडला होता. ब्रह्मदेशातून लढाईपुढं पळत, चालत, इकडं पोचलेला भिक्खू. मकबऱ्यामागच्या डोंगरातल्या लेण्यांत राहत होता. त्याचा धर्म काय लिहायचा हे दवाखान्याच्या कारकुनाला कळलं नाही. हिंदूंत बसेना, मुसलमानांत बसेना. म्हणून त्यालाही व्हरांड्यातच टाकलं होतं.

ज्ञानी माणूस म्हटल्यावर डोळ्यांसमोर जे येतं तसा तो नव्हता. बारीक, चिडका आणि उपाशी. त्याला दुपारी बारानंतर जेवायचं नसे, आणि दवाखान्याचं जेवण बारानंतरच येई. ताट आलं की तो त्याच्याकडं बघायचा, सूर्याकडं बघायचा आणि ताट माझ्याकडं सरकवायचा. मग डोळे मिटून बसायचा. एकदा मी विचारलं, आता काय करताय?

"गुस्सा देखता," तो म्हणाला. त्याचं हिंदुस्थानी तुटकंच होतं. "भात देर से आया. गुस्सा आया. पेट में गरम, इधर कान में गरम. देखता. अभी कम. अभी और कम." थोड्या वेळानं डोळे उघडून म्हणाला, "अभी फिर आया. आज दाल अच्छा दिखता."

मी हसलो. खूप दिवसांनी हसलो, त्यामुळं पाय ठणकला.

त्याला दिसत होतं की रोज भाकरी येते, मी खातो आणि पायरीकडं मुद्दाम पाठ करतो. एक दिवस त्यानं विचारलं, "वो कौन?"

"भाऊ."

"गुस्सा?"

"हो."

"भाई उधर धूप में बैठा. गुस्सा किधर है?"

मी छातीवर हात ठेवला. त्यानं मान हलवली आणि माझ्या सुजलेल्या पायाकडं, मग डोळ्यांकडं पाहिलं. "भाई को लगता नहीं. तेरे को लगता."

मला त्याचा राग आला. मी त्याला सगळं सांगितलं. बारव, चावडी, पटका. आणि विचारलं, बाला पालथं घातलं ते बरोबर होतं का? ते विसरून जाऊ?

तो चिवर सावरून उठून बसला. मग म्हणाला, "ठीक नहीं. बिलकुल ठीक नहीं. भूलना नहीं." दोन बोटं वर केली. "ठीक नहीं, एक. गुस्सा, दूसरा. दोनों अलग. तू बाँध के रखा."

यावर मी रात्रभर विचार केला असं लिहिलं तर छान वाटेल. तसं झालं नाही. ताप होता, मी झोपलो. पण दुसऱ्या दिवशी त्यानं मला एक काम लावलं. पडल्या पडल्या मनात म्हणायचं, मी सुखी असो, माझं दुखणं शमो. आधी स्वतःसाठी. मग मायेच्या माणसासाठी. मग ओळखपाळख नसलेल्यासाठी. सगळ्यात शेवटी ज्याच्यावर राग आहे त्याच्यासाठी.

पहिल्याच पायरीला मी अडखळलो. स्वतःसाठी? आमच्या वस्तीत पाटलाचं भलं होवो म्हणायला शिकवलं होतं, मालकाचं भलं होवो म्हणायला शिकवलं होतं. स्वतःचं भलं चिंतायला कुणी सांगितलं नव्हतं. मी सुखी असो, असं म्हणताना कुणी ऐकलं तर काय, असं वाटून मी इकडंतिकडं पाहिलं. डोळ्यांत पाणी आलं. ते कशाचं, हे मी शोधलं नाही.

माय सोपी गेली. खालाही. करीममियाँ, तो शिव्या देणारा गाडीवानही. नवल म्हणजे पाटीलसुद्धा फार अवघड गेला नाही. तो लांबचा माणूस, त्याच्यासाठी शब्द लांबूनच टाकता आले. दादापाशी गाडी रुतली. जिभेवर शब्द यायचे आणि पोटरी आखडायची. भिक्खूला सांगितलं तर म्हणाला, "अच्छा. आखडती, ये देखा ना? बस. आज इतना." ओढ, खेच, असं त्यानं कधी म्हटलं नाही.

करीममियाँचा नकार

ताप उतरत गेला. डॉक्टर पायाकडं बघून "हूं" म्हणाले आणि पुढच्या खाटेकडं वळले. पाय वाचला, हे मला त्या हुंकारावरून कळलं. मग एका सकाळी जखम धुताना करीममियाँ थबकले. तुटलेला नारू पोटरीच्या मागच्या बाजूनं पुन्हा डोकावत होता.

"अब ये मेरे हाथ का काम नहीं," ते म्हणाले. "मैं काटनेवाला, बाँधनेवाला आदमी. अबकी बार टूटा तो डॉक्टर साब छोड़ेंगे नहीं. तुम्हारे भाई कू आता ना ये काम? बुलाऊँ?"

शेजारी भिक्खू निघायच्या तयारीत चिवर सारखं करत होता, त्या दिवशी त्याला घरी सोडणार होते. घरी म्हणजे लेण्यांत. तो माझ्याकडं पाहतही नव्हता. मी "बोलवा" म्हणालो.

दादा आत आला. खाटेच्या कडेला उकिडवा बसला. कानावर काडी होतीच. इतके दिवस पायरीवर बसताना ती त्यानं कानावरच ठेवली असावी. त्यानं पाण्याची धार धरली. त्याची बोटं भेगाळलेली, नखांत माती, कडुलिंबाचा वास. पाय आखडला. आखडलाय, हे मी पाहिलं. पोटरीत आग, कानात आग. मी सुखी असो, म्हटलं. मग जीभ जड झाली, तरी म्हटलं, दादा सुखी असो. एकदाच. मनापासून होतं असं म्हणवत नाही, पण खोटंही नव्हतं.

काही उजेड वगैरे पडला नाही. पोटरी तेवढी सैल झाली. मनाच्या आधी तिला कळलं. काडीनं एक वेढा घेतला. मग दुसरा.

दादा खाली मान घालून बोलायला लागला. "सखा, त्या दिशी चावडीवर म्या..."

"काडी बघ, दादा," मी म्हणालो.

त्याची बोटं क्षणभर थांबली. मग त्यानं काडी बांधली, गाठ नीट बसली की नाही ते दोनदा पाहिलं आणि "व्हय, व्हय" म्हणत तोंड फिरवलं. त्याच्या पाठीकडं बघून मला कळलं की तो रडतोय. मी त्याला म्हणालो, "भाकरी तू खाल्ली का?" त्यानं मान हलवली, नाही. करीममियाँनी आतून एक ताट आणून आमच्यामध्ये ठेवलं.

या सगळ्यात भिक्खू कधी गेला ते मला समजलं नाही. पुन्हा तो कधी भेटला नाही. बरं वाटल्यावर मी लेण्यांपर्यंत लंगडत गेलो होतो, तिथं दुसरंच कुणीतरी शेळ्या बांधून राहत होतं.

नारू पुढं रोज थोडा थोडा निघत राहिला. शेवटचं टोक आलं तेव्हा दादानं काडी उचलून सगळ्या व्हरांड्याला दाखवली, लढाई जिंकल्यासारखी, आणि चुलीत टाकून दिली. निघताना करीममियाँ म्हणाले, गाव का पानी चार तह के कपड़े से छान के पीना, इतनी सी बात है.

लोक विचारतात ते

दादानं माझं नाव का सांगितलं, हे मी पुढं कधी विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही. विहारात हे सांगितलं की लोकांना पटत नाही. काहीतरी कारण असेल, ते कळलं असतं तर मन मोकळं झालं असतं, असं म्हणतात. असेल. कारण चांगलं निघालं असतं तर माफ करणं सोपं होतं. वाईट निघालं असतं तर मी पुन्हा काडी ओढली असती. मला पाय हवा होता आणि भाऊ हवा होता. ते दोन्ही कारणाशिवाय मिळाले.

राग सोडणं म्हणजे झालं ते ठीक होतं असं म्हणणं, हा एक मोठा गैरसमज आहे. दुसरा गैरसमज, तो एका दिवसात सुटतो. मला विचाराल तर रोज जेवढा येईल तेवढा घ्यावा, तिथंच बांधून ठेवावा आणि जेवायला बसावं. माझा पाटलावरचा राग अजून मधूनच डोकं वर काढतो. मी आता म्हातारा आहे, तो तर कधीच वारला. राग आला की मी पाहतो. कधी कमी होतो, कधी त्या दिवशी डाळ चांगली असते.

पटका

पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं. पुढच्या उन्हाळ्यात आमच्या वस्तीनं ठरवलं, आता बारवेवर उतरायचं. मी शहरातून मुद्दाम गेलो. पाय थोडा आखूड राहिला होता, त्यामुळं पायऱ्या उतरायला मी उपयोगाचा नव्हतो. मी वर कठड्याशी मायजवळ उभा राहिलो. गावातली माणसं समोरच्या बाजूला गोळा झाली. कुणाच्या हातात काठ्या होत्या, कुणाच्या नव्हत्या.

सगळ्यात पुढं दादा उतरला. खांद्यावर दोर, हातात घागर, काखेत एक गुंडाळलेलं कापड. पाण्याच्या वरच्या कोरड्या पायरीवर तो थांबला आणि मागच्यांना म्हणाला, "पाण्यात पाय कुणी बुडवायचा नाय. नारू व्हतो." मग दोरानं घागर सोडली.

समोरून कुणीतरी ओरडलं, "कोन हाय रं त्यो खाली?"

बारवेत आवाज घुमतो. दादानं वर पाहिलं. "मी," तो म्हणाला. "म्हादू. रखमाजीचा थोरला." आणि जरा थांबून पुन्हा म्हणाला, "म्हादू."

पलीकडं कुजबुज झाली. काठी उचलली गेली नाही. का, ते मला माहीत नाही. राज्य बदललं होतं, त्यांनाही अंदाज नसावा.

घागर घेऊन दादा वर आला. मायसमोर रिकामा हंडा ठेवला होता. त्यानं काखेतलं कापड उलगडलं. बाचा पटका होता. त्यानं त्याची चौपदरी घडी केली, हंड्याच्या तोंडावर घातली. एक बाजू त्यानं धरली, दुसरी मी. घागर वहिनीनं ओतली. पाणी हळूहळू खाली उतरलं.

मायनं पहिला तांब्या भरून तोंडाला लावला आणि थांबली.

"पटक्याचा वास येतुया पाण्याला," ती म्हणाली.

मग तिनं तांब्या रिकामा केला आणि पुन्हा पुढं धरला.